साखर, हिरड्या आणि आपली दिंडी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात धरमपेठ, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज गळ्यात वीणा नाही, मागं टाळकरी नाहीत, त्यामुळं आम्हाला जरा उघडंउघडं वाटून राह्यलं. मंडळींनी सांगितलं होतं की शंभर वर्षं झाली, बुवा, तुम्ही दिंडीच्या इतिहासावर बोला. आम्ही म्हटलं, इतिहास लिहिणारे शिकलेले लोक आपल्यात आहेत, ते लिहितील. आम्ही तोंडावर बोलतो. म्हणजे तुमच्या तोंडावर नव्हे, तोंडातल्या दातांवर अन् हिरड्यांवर. तेव्हा काही जण हसले. हसा बाप्पा, हसताना दात दिसतात, आम्हाला तेच पाहायचे आहेत.

या धरमपेठेत आम्ही पहिल्यांदा आलो ते वडिलांसोबत, बंडीत भाजी घालून, गोकुळपेठेच्या बाजारात. तेव्हा दाताचा डॉक्टर म्हणून वेगळा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आता इथं चालत निघालं तर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसतेच दिसते. अन् साखरेच्या दवाखान्याचीही. दोन्ही पाट्या शेजारीशेजारी असतात, पण आपण मात्र एकाकडं गेलो तं दुसऱ्याची गोष्ट सांगत नाही. आजचा विषय तेवढाच आहे.

आधी हात वर करा पाहू. ज्यांना साखर आहे, डायबेटीस आहे, त्यांनी. पाहा, पुष्कळ आहेत. लाजायचं काही कारण नाही, २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींवर माणसं निघाली, अन् आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर उभी. आता ज्यांना सकाळी दात घासताना थुंकीत लाल दिसतं त्यांनी हात वर करा. कोणीच नाही? त्या मागच्या मावशींनी केला. आता हळूहळू होऊन राह्यले. हेच आम्ही म्हणतो. साखर सांगायला माणूस लाजत नाही, हिरडी सांगायला लाजतो. नाहीतर ‘उष्णता झाली’ म्हणतो अन् सब्जा पितो.

आमच्या दिंडीचे मृदंगी होते, नाव घेत नाही, त्यांच्या घरचे समोर बसले आहेत. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तीस वर्षं त्यांच्या मृदंगावर आम्ही उभे राहिलो. आम्ही चुकलो तं ते सांभाळून घ्यायचे, ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. भाऊंना साखर होती. गोळी घ्यायचे, पण ती कमी होईना. २०१७ च्या वारीत सासवडच्या मुक्कामी भाकरी वाढली तं त्यांनी बाजूला सरकवली. म्हणाले, ‘दात हालून राह्यले, चावत नाही.’ आम्ही म्हटलं, वय झालं. दुखते काय? तं ‘दुखत नाही.’ दुखत नाही म्हणून विषय संपला.

तिथून काय झालं ते नीट ऐका, कारण यातली एकेक पायरी आम्ही डोळ्यांनी पाहिली अन् एकही ओळखली नाही. भाकरी बंद झाली. ज्वारी गेली, काकडी गेली, मुळा गेला, मोड आलेले मूग गेले, शेंगदाणे गेले. राहिला काय, मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं, पाव, शिरा, साबुदाण्याची खीर. म्हणजे साखरेच्या माणसानं जे खायचं ते दातानं बंद केलं, अन् जे खायचं नाही तेच तोंडाला सोपं पडलं. साखर वाढली. साखर वाढली तशी हिरडी आणखी सुजली, पू येऊ लागला, तोंडाला वास येऊ लागला. भाऊ बोलताना तोंडापुढं उपरणं धरायचे. आम्हाला वाटलं नम्रता. नंतर बाजारात कोणीतरी बसलेल्या माणसाकडून त्यांनी दोन दात उपटून घेतले, साखर किती आहे हे न त्यानं विचारलं न यांनी सांगितलं. ती जखम दीड महिना भरली नाही.

२०१९ ची त्यांची शेवटची पायी वारी. पुढची दोन वर्षं तर कोरोनानं पायी वारीच झाली नाही, पादुका बसमधून गेल्या. भाऊ घरीच बसले. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती वर चढत गेली. २०२१ च्या हिवाळ्यात ते गेले. दातानं गेले असं आम्ही म्हणत नाही, ते खोटं होईल. साखरेनं गेले. पण साखर आटोक्यात का येत नव्हती याचं एक कारण त्यांच्या तोंडात होतं, अन् आम्ही रोज संध्याकाळी त्या तोंडापासून दोन हातांवर उभे होतो.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. आम्ही कीर्तनात देहाविषयी बोलतो. नाशिवंत आहे, चामड्याची पिशवी आहे, हिचे लाड काय करायचे. लोकांना ते आवडतं. भाऊंनी एकदा आम्हालाच ऐकवलं, ‘बुवा, तुम्हीच सांगतलं ना, देह कायचा, मंग दात कायचा?’ त्या वेळी आम्हाला उत्तर सुचलं नाही, आम्ही हसलो. आज सुचते की, मृदंगाची शाई खरवडली गेली तं भाऊ स्वतः रात्र जागून बसायचे, कणकेचा गोळा डाव्या अंगाला नीट बसला नाही तं मृदंगाला हात लावायचे नाहीत. वाद्याची एवढी निगा राखणारा माणूस, त्याला हे सांगायला पाहिजे होतं की देहही वाद्यच आहे, त्यावरच वाजवायचं आहे. पण आज सुचून काय उपयोग.

आता आमचं. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. फलटणच्या मुक्कामात आमची सेवा होती. नामघोष सुरू झाला अन् समोरचा वरचा दात जिभेला लागून हालला. श्रोतेहो, कीर्तनकाराला हे फार अवघड. विठ्ठल म्हणायला दात लागत नाही, जीभ टाळूला लागली की झालं, त्यानं स्वतःची सोय करून ठेवली आहे! पण ज्ञानदेवातला ‘द’, तुकारामातला ‘त’, जीभ दाताला टेकल्याशिवाय निघत नाही. आम्ही ते कीर्तन कसंबसं नेलं. आमचे बारा वर्षांपासूनचे साखरेचे दिवस, अन् भाऊंचं उपरणं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

घरी आलो तं दिंडीतल्याच एकाची नात, मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकत होती, तिनं बसवलं. म्हणाली, ‘आबाजी, आ करा.’ पाह्यलं, अन् पहिला प्रश्न दाताचा नाही विचारला. ‘तीन महिन्यांची साखर किती आहे?’ आम्ही म्हटलं, पोरी, दात पाहून राह्यली का रक्त? ती म्हणे, ‘दोन्ही एकच आहे.’ ती तपासणी केली तं ९.२ निघाली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या दिवसांत त्यांना किती साखर चिकटली ते या तपासणीत कळतं. म्हणून आदल्या दिवशी गोड सोडून डॉक्टरला फसवता येत नाही. आम्ही आधी तेच करत होतो. ५.७ च्या आत म्हणजे ठीक, ६.५ किंवा वर म्हणजे साखरेचा आजार.

तिनं जे सांगितलं ते आम्हाला आमच्या चौथीच्या शिक्षणात समजेना. मग आम्हीच तिला म्हटलं, थांब, तू सांगते तो तं संत्र्याचा डिंक्या आहे.

काटोल, कळमेश्वर, नरखेडकडची मंडळी इथं आहेत त्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो. संत्र्याच्या झाडाला खोडाशी पाणी साचलं, ओली माती खोडाला चढली, की जमिनीलगत सालीखाली बुरशी शिरते. वरून काही दिसत नाही. मग सालीतून डिंक ओघळतो. साल सुटते, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. नवखा शेतकरी काय करतो? पान पिवळं दिसलं की युरिया टाकतो, फवारणी करतो. वरून कितीही टाका, खाली बूड कुजलेलं आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही. जाणता शेतकरी आधी खोडाची माती बाजूला करतो, धारदार चाकूनं रोगट साल खरवडून काढतो, अन् एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट लावतो. अन् दुहेरी आळं करतो, की पाणी मुळांना मिळावं पण खोडाला लागू नये. पावसाळ्याआधी अन् पावसाळ्यानंतर पुन्हा लावतो. एकदा लावली अन् सुटलो असं होत नाही.

हिरडी म्हणजे दाताचं बूड. दातावर रोज एक चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो काढला नाही तं कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशनं निघत नाही. त्याच्या कडेनं हिरडी सुजते, हात लावला की रक्त येतं, हा आपला डिंक. मग हिरडी दातापासून सुटते अन् मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात जंतू आणखी खाली उतरतात अन् दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. दात पोखरलेला नसतो, पांढराशुभ्र असतो, तरी हालतो. अन् बहुतेक वेळा दुखत नाही, हीच यातली फसवणूक आहे.

आता साखर यात कुठं येते? रक्तात साखर वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, जखम लवकर भरत नाही. तोंडाला कोरड पडते, अन् लाळ हेच तर तोंडाचं पाणी, तीच धुऊन काढते. म्हणून साखरेच्या माणसाला हिरड्यांचा हा रोग होण्याचा धोका दुसऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट. हे झालं एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं, सुजलेल्या हिरडीतून जंतू अन् सुजेचे पदार्थ रक्तात जातात, अन् त्यानं शरीराचं इन्सुलिन नीट काम करीत नाही. म्हणजे गोळी तीच, पथ्य तेच, तरी साखर हटत नाही. अशक्त झाड लवकर कुजतं अन् कुजलेलं झाड अशक्त होतं. आपल्याकडं जुन्या वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात यावरून मधुमेह ओळखला होता, पण हे चाक दोन्हीकडून फिरतं हे अलीकडं उमगलं.

नॉर्वेत जन्मलेले हॅरॉल्ड लोए म्हणून मोठे दंतवैद्य होते. त्यांनी १९९३ मध्ये लिहिलं की डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या अन् न भरणाऱ्या जखमा, या पाच दुखण्यांच्या जोडीला हिरड्यांचा रोग हे मधुमेहाचं सहावं दुखणं धरा. याच माणसानं १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या मजुरांचे दात पाहिले. त्या मजुरांना ब्रश ठाऊक नव्हता. तरी शंभरातल्या सुमारे अकरा जणांच्या हिरड्या बिघडल्या नाहीत, अन् आठ जणांचे दात झपाट्यानं गेले, बाकीच्यांचे हळूहळू. हे ऐकून आम्हाला आमच्या काकाजींची आठवण झाली, जन्मभर राखेनं दात घासले अन् ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे. प्रत्येक गावात असा एक म्हातारा असतो, अन् त्याला पाहून बाकीचे शंभर जण निवांत राहतात. आपण त्या अकरांतले की आठांतले हे आधी कळत नाही. साखर असेल तं अकरांत असण्याची आशा धरू नका.

आमच्या हिरड्या बधिर करून, चार खेपांत, दाताच्या मुळापर्यंत साफ केल्या. दुखलं थोडं, दोन दिवस थंड लागलं तरी शिणशिणायचं. लोक म्हणतात सफाईनं दात ढिले होतात. आम्हालाही वाटलं. पण दाताला धरून कीटण बसलेलं असतं ते निघालं की फट दिसते, सूज उतरली की हिरडी खाली बसते, दात तेवढाच असतो. समोरचा तो एक दात मात्र गेलाच, आता लावलेला आहे, तुम्हाला कळला नसेल. तीन महिन्यांनी तपासलं तं ९.२ ची ८.६ झाली होती. गोळी तीच होती. पण सगळं हिरड्यांमुळंच झालं असं आम्ही म्हणणार नाही, कारण त्या दिवसांत आम्ही पुन्हा भाकरी चावू लागलो होतो अन् चहातली साखरही सुटली होती. देशोदेशीच्या ३५ अभ्यासांची एकत्र तपासणी २०२२ मध्ये आली, तीन हजारांवर रुग्ण होते, त्यात हिरड्यांच्या उपचारानं तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी ०.४३ नं उतरला. अर्धासुद्धा नाही. पण एखाद्या जास्तीच्या गोळीनं जेवढं व्हावं त्याच्या जवळपास आहे, अन् दात राहतो ते वेगळंच. गोळी मात्र यानं सुटत नाही. हिरडी साफ केली म्हणून साखरेचं औषध बंद केलं, असं कोणी आम्हाला येऊन सांगू नये.

आता दिंडीचं बोलतो, अन् इथं काहींना राग येईल.

आळंदीहून निघालो की दिवे घाट चढेपर्यंत किती वेळा चहा होतो? लोक प्रेमानं देतात, नाही कसं म्हणायचं. एकेका कपात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटाचा पुडा, केळी, राजगिऱ्याचा लाडू, पेढा. प्रसाद आहे, नाकारू नका, पण चिमूटभर घ्या, बाकीचा शेजारच्या पोराला द्या. अन् खाल्ल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरा, टँकर तिथंच उभा असतो. एकादशीचं तं विचारू नका. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. साबुदाणा, बटाटा, रताळं, साखरेचा शिंगाडा, साखरेचा माणूस त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त साखर खातो. दुसरे काही जण निर्जळी करतात अन् गोळी मात्र घेतात, मग घाम फुटून रस्त्यावर बसतात. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते. एकादशीच्या आधी डॉक्टरला विचारा, गोळीचं काय करू. विचारल्यानं व्रत मोडत नाही.

अन् खर्रा. आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मांस नाही, दारू नाही. पण या नागपुरात अन् पूर्वेकडच्या चार जिल्ह्यांत माळकऱ्याच्या खिशातही पन्नी सापडते. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घासघासून केलेला. म्हणे अभंगाला जोर येतो. त्यानं गाल आतून कडक होतो, तोंड उघडत नाही, हिरडी दात सोडते, अन् कर्करोगाचं तं सगळ्यांना ठाऊक आहे. विडी ओढणाऱ्याची आणखी एक गंमत, विडीनं हिरडीचं रक्त कमी येतं, म्हणून त्याला वाटतं आपल्या हिरड्या चांगल्या आहेत. मागच्या बैठकीत आम्ही म्हटलं, दिंडीच्या गाडीत खर्रा चालणार नाही. दोघं जण उठून गेले. त्यांतला एक परत आला. दुसऱ्याची वाट पाहून राह्यलो, माणूस चांगला आहे, हरिपाठ त्याच्याइतका कोणाला येत नाही.

घासायचं कसं, तेही सांगतो, कारण आम्ही पन्नास वर्षं चुकीचं घासलं. मऊ ब्रश, रात्री झोपताना अन् सकाळी, हिरडी अन् दात जिथं भेटतात तिथं हळू. भांडं घासल्यासारखं नाही. राख, कोळसा, विटेची भुकटी, तंबाखूचं मंजन बंद. कडुलिंबाची काडी चावून मऊ केली तं हरकत नाही, पण तिच्या टोकानं हिरडीत उकरायचं नाही. कवळी असेल तं रात्री काढून पाण्यात ठेवा, साखरेच्या माणसाला तिच्याखाली बुरशी धरते. साखर असेल त्यानं दर तीन महिन्यांनी, निदान सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं, अन् दात काढायची वेळ आली तं साखरेचा कागद सोबत न्यायचा. बाजारात बसलेल्याकडून कोणीही दात काढून घेऊ नये. हे आम्ही हात जोडून सांगतो.

शताब्दीच्या वर्षात आपण ठरवलं आहे की दिंडीच्या गाडीत औषधाच्या पेटीत साखर तपासायचं यंत्र राहील, अन् निघण्याआधी ज्येष्ठात चाळिशीवरच्या सगळ्यांची साखर अन् तोंड दोन्ही पाहायचं. एक जण म्हणाले, ‘वारीत दवाखाना कायले आणता बुवा?’ आम्ही त्यांना म्हटलं, तुम्ही चष्मा घालूनच ज्ञानेश्वरी वाचता ना.

भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, आज इथं आल्या आहेत. मघाशी मागून पहिला हात त्यांनीच वर केला. त्यांनाही साखर आहे, चार वर्षांपासून, अन् हिरडीतून रक्त येतं हे त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. येत्या मंगळवारी आम्ही त्यांना मेडिकल चौकातल्या दंत महाविद्यालयात घेऊन चाललो. गाडीत आणखी सहा जणांची जागा आहे. सकाळी सात वाजता देवळापासून निघू. उपाशी येऊ नका, न्याहारी करून, गोळी घेऊन या, अन् शेवटच्या तपासणीचा कागद पिशवीत टाका.

रामकृष्ण हरी.